ड्रायव्हरलाबी चहा द्या

गुरु., १ फेब्रुवारी
गाडी सर्व्हिसिंगहून आली. बेल्टची चिरचिर गेली. सलीम मेकॅनिक म्हणतो, "सेठ, वो आवाज सिरफ आपकूच आता था." येत होता, म्हणून तर सांगितलं. अकरा वर्षं कंपनीच्या साहेबाची गाडी चालवली. डोळे पुढं, कान मागं. त्या कानांवरच पुढं माझ्या बस उभ्या राहिल्या.
शोरूमवाला परत मागं लागलाय, डिझेल द्या, इलेक्ट्रिक घ्या. म्हटलं, डिझेलमधे अशी सेडान आता शोधून मिळत नाही, म्हणूनच देत नाही. हायवेला लिटरला बावीस, मागच्या सीटला वेगळा एसी, डिकीत अख्ख्या घरच्या बॅगा. अजून काय पाहिजे?
खोड एकच. फोन आपोआप गाडीला जोडला जातो आणि आलेलं बोलणं सहाही स्पीकरवर. काल मागं दोन मॅनेजर, कामगारांच्या बसचं कॉन्ट्रॅक्ट बोलतायत, आणि फोनवर बायको, सुनंदा: "पोट साफ झालं का? चूर्ण संपलंय, घेऊन या." मॅनेजर खिडकीबाहेर बघायला लागले. कॉन्ट्रॅक्ट मिळालं तरी.
दादाचा फोन. रविवारी पिशोरला, पुतण्या सागरसाठी मुलगी बघायला. गाडी लागेल. म्हणजे मीपण लागेन.

रवि., ४ फेब्रु.
दादा, वहिनी, सागर मागं. पुढं माझ्याशेजारी नारळ-पेढ्यांची पिशवी. फुलंब्रीच्या पुढं रस्त्यानं अंत बघितला, पण गाडी खाली एकदाही टेकली नाही. टर्बो जरा उशिरा जागा होतो. झाला की झाला. उसाची ट्रॉली मागं टाकेपर्यंत दादा टोपी धरून.
मुलीचे वडील भगवानराव. अद्रकचं शेत, बोलायला मोकळा माणूस. दारात थांबलो. मी उतरलो, मागचं दार उघडलं, दादाला हात दिला. अंगवळणी पडलंय. कपडेपण पांढरे, तीही त्याच नोकरीतली सवय. भगवानरावांनी दादाला मिठी मारली, सागरला आत घेतलं आणि घरात हाक दिली, "ड्रायव्हरलाबी चहा द्या रे भाईर!"
मी दादाकडं बघितलं. आता सांगेल, हा माझा भाऊ.
दादा म्हणाला, "नामदेव, गाडी सावलीत घे."
घेतली.
चहा झकास होता. अद्रक घरची.
लिंबाखाली चार माणसं गाडीभोवती जमली. "मायलेज किती देती?" मालक म्हणतात बावीस. "खालून घासती का?" मालक जपून बसतात. "मालक कोणता, म्हातारा का पोरगा?" म्हटलं, धाकट्यानं घेतली. खोटं नव्हतं. आम्हा दोघा भावांत धाकटा मीच.
खिडकी उघडी होती. आत सागर सांगत होता, "मीच घेतली. कंपनीत पर्मनंट झालो ना, तेव्हा." कंपनी! दिवाळीपासून हा माझ्या बसला चढलेला नाही. गारखेड्याच्या स्टॉपला बस थांबते, हा नसतो. दादाला विचारलं होतं तर म्हणाला, सुट्टीवर आहे.
परतताना गाडीतच विचारलं. सागर मोबाइलमधे. दादा म्हणाला, "कंत्राट संपलं त्याचं. लागंल दुसरं. तोवर पोरगी हातची जाईल." आणि गाडीचं? वहिनी म्हणाली, "नामा, बायोडाटात लिहून गेलंय रे. लग्नापुरतं गप ऱ्हा. मागून आपणच सांगू."
आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. वहिनी नवी नवरी. तिनं मला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत ओढत नेलं. आरशात दिसली, पदर तोंडाला लावलेला. हो म्हणालो.

सोम., ५
सुनंदाला सांगितलं. हसून हसून डोळ्यांत पाणी. "पगार काय ठरला? दिवाळीला बोनस मागा बरं का." मग एकदम थांबली. "त्या पोरीला कोण सांगणार?"
म्हटलं, बघू.
"तुमचं बघू म्हणजे नाही."

शनि., १०
उद्या पिशोरवाले घर बघायला येणार. म्हणून गाडी आजपासून गारखेड्याला दादाच्या फाटकात, चावी दादाच्या खिशात. मी कामाला स्कूटरवर वाळूजला. गल्लीतले विचारतात, विकली का? काय सांगावं.

सोम., १२
काल पिशोरवाल्यांना स्टँडवरून आणलं, फिरवलं, परत स्टँडवर सोडलं. होकार झाला. साखरपुडा २५ ला, पिशोरला. आत सगळ्यांनी एकमेकांना पेढे भरवले. माझा पेढा कागदात. माझ्याच भावाच्या ओट्यावर.
मुलगी वैशाली. शिकलेली, गावच्या दूध डेअरीत कॉम्प्युटर बघते. गाडीत तिची आजी मला ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाली, "पोरगा लई चावी फिरवतो बाई बोटावर." वैशाली म्हणाली, "आजे, गप."

गुरु., १५
सागर गाडी घेऊन आला. कोपऱ्यावर होता तेव्हाच कळलं. याचा पाय क्लचवरून निघतच नाही. सीट पार मागं रेललेली, आरसा स्वतःच्या तोंडाकडं. सलीमनं एक चक्कर मारली. "सेठ, किसने चलाई? क्लच रो रा."
म्हटलं, नव्या मालकानं.
सागरला बाजूला घेऊन म्हटलं, माझ्याकडं ये, बसचं बुकिंग बघ, पगार देतो. म्हणाला, "काका, लग्न होऊ द्या. आत्ता ड्रायव्हरकडं कामाला लागलो तर तिकडं काय सांगू?" आणि हसला. मलाही हसू आलं, हीच पंचाईत. पोरगं वाईट नाही. खोटं नवीन आहे, नव्या चपलेसारखं अजून सैल पडलेलं नाही.

रवि., १८
बस्ता. दोन्हीकडची माणसं साड्यांच्या दुकानात, मी गाडीत. जाण्यायेण्याचं बघायला वैशालीच्या वडलांनी माझा नंबर तिला दिला होता. सकाळी तिचा फोन आला, तेव्हा माझ्या फोनमधे नाव टाकलं, 'वैशाली पिशोर'.
ती एकटीच खाली आली. आजीची पिशवी गाडीत राहिली म्हणून. पिशवी घेतली, गेली नाही.
"काका, एक विचारू? खरं सांगा. पोरगा कसा हाय? कामाला जातो का रोज?"
"मी गाडी चालवतो ताई. मला काय माहीत?"
"गाडी चालवणाऱ्यालाच माहीत असतं. पुढं बसून सगळं ऐकता की तुम्ही."
मी काच पुसायला लागलो. पुसलेलीच होती.
"राहू द्या," म्हणाली. "तुमच्या पोटावर पाय नको. पण मी फोन करीन. तुमचं मन झालं तर सांगा."
वर गेली. येताना डिकी साड्यांनी भरलेली, झाकण बसेना. कधीच असं झालं नव्हतं.
सुनंदाला सांगितलं. तिनं भाकरी जरा जोरात थापल्या.
पोरगी विचारतेय असं वहिनीला सांगावं तर ती मोडेल. पोरीला सांगावं तर वहिनी मोडेल. न सांगावं तर...

बुध., २१
दुपारी अंगठी आणायला सराफ्याला. तिघंही मागं. पिशोरपासून माझ्याशेजारी कुणी बसलेलं नाही. मोकळी असली तरी पुढची सीट तशीच.
क्रांती चौकाच्या अलीकडं फोन वाजला. समोरच्या पडद्यावर एवढाल्या अक्षरांत 'वैशाली पिशोर'. स्टेअरिंगवर हिरवं बटण, लाल बटण, दोन्ही माझ्या अंगठ्याखाली. तिघांनीही वाचलं.
दादा म्हणाला, "तुला कशाला फोन करती ती?"
गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवलं. हिरवं दाबलं.
"काका, मालक जवळ हायेत का?"
सहा स्पीकर.
"हायेत ताई. सागर, त्याचे आईवडील, सगळे. तुमचं ऐकतायत."
मागून दादाचा हात आला, "बंद कर ते." वहिनीनं त्याचं मनगट धरलं. मला वाटलं नव्हतं. घट्ट धरलं.
मी म्हटलं, "आणि मी ड्रायव्हर नाही. सागरचा सख्खा चुलता. गाडी माझी. पहिल्या दिवशीच सांगायचं होतं, चहा पिऊन गप बसलो. कामाचं जे विचारलंत ते मी सांगणार नाही. ते सांगणारा मागं बसलाय."
डिझेलचं इंजिन उभ्या गाडीत किती आवाज करतं, ते आज कळलं. स्टेअरिंगमधून हातात येत होतं. आरशात सागर. वडलांकडं बघितलं, आईकडं बघितलं. मग त्या पडद्याकडं.
"दिवाळीपासून काम नाय मला," म्हणाला. "गाडी माझी नाय. घर तेवढं आमचं हाय."
तिकडं पंपाचं पाणी हौदात पडत होतं. मग तेही थांबलं. मला वाटलं ठेवला.
"रविवारी या," वैशाली म्हणाली. "गाडी आणू नका."
ठेवला.
अंगठी न घेता परत. फाटकात दादानं हात पुढं केला. चावी दिली.

शनि., २४
दादा तीन दिवस बोलत नाही. वहिनीकडून निरोप येतात. गाडी नाही तर साखरपुडा नाही. नवरदेव काय एसटीनं जाणार? भावकी थुंकेल. पोरीचा बाप बोलला असता तर ऐकलं असतं, पोरीचं काय ऐकायचं. गाडीवर त्यानं कव्हर घालून ठेवलंय. माझी गाडी.
भगवानरावांचा फोन नाही. पोरीनं घरी सांगितलं की नाही, तेही माहीत नाही. मी फोन लावत नाही. काय म्हणून लावू? चुलता म्हणून?
दुपारी वहिनीचा फोन. "नामा, उद्याचं माझ्यानं सांगवत नाही. पण गेलोच तर पांढरा शर्ट घालू नको."
संध्याकाळी सागर आला. गारखेड्याहून चालत, घामानं भिजलेला. पाणी प्याला. बोटावर फिरवायला चावी नाही, तर हात कुठं ठेवावेत ते कळेना त्याला.
"काका, पिशोरला सकाळची एसटी कितीला?"
म्हटलं, मालक विचारतायत का?
हसला नाही. "मी विचारतोय."
"किती माणसांची?"
"आई म्हणती ती येईल. बाबांचं..."
सुनंदानं चहा ठेवला. आत, आमच्याजवळ बसून प्याला. तो गेल्यावर स्टँडला फोन लावला, कुणी उचलत नाही. सकाळी लवकर जाऊनच बघावं लागेल.
निळा शर्ट इस्त्री करून खुंटीला आहे. दादाचा फोन अजून नाही.