फोनमधली बाई

फुलसावंगी,
मंगळवार

प्रिय सुरभी,

तुझा मेसेज मिळाला. फुलं, टाळ्या, नाचणाऱ्या बाहुल्या, सगळं पोचलं. मी साधा अंगठासुद्धा पाठवला नाही, तेव्हा तुला वाटलं असेल की माझ्या शाळेच्या तांड्यावर रेंज नसेल. मी इथं फुलसावंगीत घरीच होते, रेंज होती. मीच फोन पालथा घालून ठेवला, कारण त्या क्षणी बोटांवर जे आलं असतं ते वाचून तू मला जन्मभरासाठी ब्लॉक केलं असतंस. मग दोन-तीन दिवस घरात भांडी आपटली. नौशादशी विनाकारण भांडले. तो बिचारा शेवटी म्हणाला, जिच्यावर राग आहे तिला सांग की, माझ्या डब्यातलं मीठ कशाला पळवतेस? नवऱ्याचं एखादं म्हणणं ऐकावं माणसानं. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे, आणि हे पत्र गोड नाही हे आधीच सांगते.

घरचं सांगून घेते, नाहीतर रागात राहून जाईल. धाकट्या बहिणीचं, नुजहतचं, लग्न ठरलं. मुलगा दारव्ह्याचा आहे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. अब्बांचं गॅरेज चालू आहे, गुडघे मात्र चालत नाहीत. माहेरी बोरी अरबला गेले की अम्मीचा पहिला प्रश्न अजून तोच, तुम्हारी वो कळंबवाली कैसी है? तू ईदला आमच्याकडे आली होतीस आणि शीरखुर्म्याच्या तीन वाट्या पिऊन ओसरीवरच्या खाटेवर झोपून गेलीस, ते ती येईल त्या पाहुण्याला सांगते. लग्नाचं पहिलं आमंत्रण तुलाच जाणार म्हणते. तोवर मी तुझ्याशी बोलत असेन की नाही हे मी तिला सांगितलेलं नाही.

आता मुद्द्यावर येते. यवतमाळला डी.एड.ला असताना तुझा पहिला सराव पाठ आठवतो का? तू फळ्यावर विहिरीचं चित्र लावलंस आणि मोठ्या हौसेनं विचारलंस, "सांगा बरं पोरायहो, पानी कुठून येते?" मागच्या बाकावर बसलेल्या सरांनी तुला तिथल्या तिथं थांबवलं. आधी स्पष्ट मराठी बोलायला शिका, मग शिकवायला या, म्हणाले. पोरं हसली आणि आपल्याच वर्गातल्या भावी गुरुजींनी तर बाक वाजवले. तू दोन दिवस मेसला आली नाहीस. मग कुठूनसा एक रेडिओ आणलास आणि दुपारी हॉस्टेलच्या गच्चीवर बातम्या लावून निवेदिकेच्या मागोमाग बोलत बसायचीस. मी घरी उर्दू बोलणारी, माझं मराठी सगळं पुस्तकातून आलेलं, त्यामुळे तुला माझं मराठी शुद्ध वाटायचं आणि तू माझ्याकडे बघत एकेक अक्षर घासायचीस. वर्षभरात तू अशी बोलायला लागलीस की तुझे काकाच फोनवर म्हणाले, कोन बोलून राह्यलं जी? आपण किती हसलो होतो. त्या हसण्यात तुला काय लागत होतं ते मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर आज जास्त संताप होतो.

गेल्या जूनमध्ये तुमचं वाचनाचं ॲप शाळेत आलं. मी फोन सुरू केला आणि आतून तू बोललीस. नमस्कार बाळांनो, चला वाचू या. मी पोरांना सांगितलं, अरे, ही माझी मैत्रीण आहे, आम्ही एका ताटात जेवलोय. पोरांना केवढं कौतुक! मला ती मॅडम म्हणतात, तुझं नाव त्यांनी फोनमधली बाई ठेवलं. इथं एक गोष्ट बजावून ठेवते, म्हणजे तू मला ते नेहमीचं ऐकवणार नाहीस की गावाकडचे शिक्षक नव्याला घाबरतात. आमच्या वर्गातला टीव्ही तांड्यानं वर्गणी काढून घेतलेला आहे, आणि तो उद्घाटनानंतर प्लास्टिक न काढता कपाटात बंद करणाऱ्या शाळांपैकी आमची शाळा नाही. माझ्या पोरांनी आगगाडी आणि समुद्र त्याच टीव्हीवर पाहिला. तांड्यावरच्या म्हाताऱ्यांच्या गोरबोलीतल्या, म्हणजे बंजारा बोलीतल्या, गोष्टी मी फोनवर रेकॉर्ड करते, पोरं त्या ऐकतात आणि मराठीत लिहून काढतात. तेव्हा यंत्राशी माझं वैर नाही. माझं भांडण तुझ्याशी आहे.

तुमच्या ॲपला इंटरनेट लागतं आणि ते आमच्याकडे फक्त नाल्यावरच्या रपट्यावर, त्या ठेंगण्या पुलावर, येतं. म्हणून सगळी शाळा रपट्यावर. एकेक पोर फोनसमोर उभं राहून उतारा वाचणार, ॲप ऐकणार आणि गुण देणार. मागून ऑटो जातो, शेळ्या जातात, एखादा थांबून विचारतो, काय मॅडम, सेल्फी काढून राह्यल्या का? तेही चाललं असतं. पण पोरं वाचायची, चांगली वाचायची, आणि तू म्हणायचीस, पुन्हा प्रयत्न कर. ही पोरं घरी गोरबोली बोलतात, गल्लीत वऱ्हाडी बोलतात आणि पुस्तकातलं तिसरंच मराठी वाचतात. मोठमोठ्यांची बोबडी वळेल अशी कसरत आहे ती. तुमच्या मशीनला मात्र फक्त तूच कळतेस, म्हणजे रेडिओनंतरची तू. पोरानं पाण्याला पानी म्हटलं की मशीनच्या मते त्याला वाचताच येत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आजवर माणसांसाठी वापरत होते.

मी तुला जुलैमध्ये फोन केला होता. आठवतं ना? सगळं सांगितलं. तू म्हणालीस, अगं, डेटा वाढला की शिकेल ते हळूहळू, तोवर मुलांना जरा स्पष्ट बोलायला लाव. स्पष्ट! सराव पाठाच्या दिवशी मागच्या बाकावरून हाच शब्द आला होता, सुरभी. मशीनचं आतलं तुला काही कळत नाही हे मला ठाऊक आहे. तू फक्त आवाज दिलास आणि उतारे निवडलेस. पण हे ॲप ठरवणाऱ्या पुण्याच्या बैठकीत ज्यांना कळतं ते सगळे तिकडचे होते, कळंबची तू एकटी होतीस. तू तोंड उघडायला हवं होतंस. तुला भीती वाटली असेल की तोंड उघडलं तर आतून जुनी सुरभी बाहेर येईल. मला या भीतीची कीव करावीशी वाटते, पण करत नाही, कारण तिची किंमत माझ्या वर्गातल्या पोरीनं भरली.

ती पोरगी म्हणजे दीपा. दीपा राठोड, तिसरीत आहे. तू जिला जिल्ह्यात पहिली आली म्हणून टाळ्या पाठवल्यास, तीच. ही पोरगी फुलसावंगीच्या बाजाराला आईचं बोट धरून यायची आणि दिसेल ते वाचत सुटायची. कृषी केंद्र, तेलघाणा, मोबाइल दुरुस्ती, उधारी बंद. 'येथे थुंकू नये' हे तर ती इतक्या जोरात वाचायची की एकदा एका गृहस्थानं दचकून तोंडातला तंबाखूचा खर्रा गिळला. वापरलेल्या औषधाच्या खोक्यावरचं ती बापाला वाचून दाखवायची, तांड्यावर कुणाच्या घरी लग्नपत्रिका आली की हिला बोलावणं. ॲपसमोर ती पहिल्या दिवशी उड्या मारत गेली. तू म्हणालीस, पुन्हा प्रयत्न कर. तिनं केला. तू परत तेच म्हणालीस. मी फोन बंद करायला हात पुढे केला तर तिनं तो घट्ट धरून ठेवला. थांबा मॅडम, म्हणाली, बाईले नीट ऐकू नसन आलं. मग तिनं रपट्यावर उभं राहून अशा जोरात वाचलं की खालच्या नाल्यात कपडे धुणाऱ्या बायका मान वर करून बघायला लागल्या. तू तिला शून्य दिलंस.

पुढचे काही दिवस ती रोज हट्टानं जायची आणि रोज तेच व्हायचं. मग एक दिवस तिनं जाणं सोडलं. मग वर्गात वाचणं सोडलं. पुस्तक उघडून बसते, डोळे ओळीवरून फिरतात हे मला दिसतं, पण ओठ शिवल्यासारखे बंद. तिची आई शाळेत आली आणि म्हणाली, "मॅडम, पोरगी मुकी झाली काय जी? बजारात पाटी दाखोली तं मान खाली घालते." मी दीपाला जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाली, "मले वाचता येत नाही. फोनातली बाई म्हणे." मी तिला समजावलं की आत बाई नाही, ते यंत्र आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच खोटी ठरले. कारण मैत्रीण म्हणून ओळख मीच करून दिली होती ना!

आता तुमच्या टाळ्यांचं रहस्य सांगते. कमी गुणांमुळे आमची शाळा तुमच्या निकालाच्या तक्त्यात लाल झाली. केंद्रप्रमुखांनी बैठकीत आमच्या मुख्याध्यापकांना, सदाशिवराव सरांना, उभं करून विचारलं की तुम्ही तिथं काय करता. सर पुढच्या वर्षी निवृत्त होतात, आयुष्यात कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस. दिवाळीच्या सुमारास मला महागावला प्रशिक्षणाला बोलावलं, तेही तुमच्याच ॲपच्या, आणि मी परत आले तर शाळा हिरवी! सगळीच्या सगळी पोरं पास, दीपाला तर अठ्ठ्याण्णव गुण. मी सरांना विचारलं तर आधी टाळाटाळ केली, मग खरं सांगितलं. सरांची सूनबाई पुण्याकडची, सणाला आली होती. सरांनी तिला खुर्ची टाकून रपट्यावर बसवलं, चहाचा थर्मास दिला आणि तिनं एका दुपारी सगळी शाळा वाचून काढली. मुलग्यांसाठी जाड आवाज, मुलींसाठी बारीक. मी कपाळावर हात मारला. सर म्हणाले, "मॅडम, आपल्या पोरायले वाचता येते, हे तुमाले मालूम, मले मालूम. त्या मशीनले मालूम नोतं. मंग म्या मालूम करून देलं." आणि ही अक्कल एकट्या सरांनाच सुचली असेल असं मला वाटत नाही. तुमच्या हिरव्या तक्त्यामागे अशा किती सुना खुर्च्या टाकून बसल्या आहेत, ते एकदा येऊन बघा.

शून्यावरून अठ्ठ्याण्णव, म्हणून तुमच्या मशीननं दीपाला निवडलं. आणि तू लिहितेस की शनिवारी तिला यवतमाळला घेऊन ये, स्टेजवर ती ॲपसमोर वाचेल, मोठे अधिकारी असतील, फोटो निघतील. मी तो मेसेज वाचला आणि मला भरल्या सभागृहात फोनसमोर उभी असलेली दीपा दिसली, आणि स्पीकरमधून येणारा तुझा आवाज ऐकू आला. एवढं सगळं झाल्यावर आता हेही तिच्याकडून करून घ्यायचं होतं तुम्हाला? ती येणार नाही. काल मी आणि सर केंद्रप्रमुखांकडे जाऊन सूनबाईचं सगळं सांगून आलो. सरांनी आधी नको म्हटलं, मग स्वतःच गाडीला किक मारली. शाळा पुन्हा लाल होईल, नोटीस येईल, येऊ दे. तुमचा कार्यक्रम बिघडला तर मला काडीचंही वाईट वाटणार नाही.

पण हे तुला कळवायला पत्राची गरज नव्हती, ते तर तुला ऑफिसातून आज ना उद्या कळणारच होतं. पत्र वेगळ्या कारणासाठी लिहिलं आहे आणि ते लिहिताना मला रागापेक्षा लाज जास्त वाटते आहे. मी सगळं करून पाहिलं, सुरभी. दीपाला मिठीत घेतलं, तिच्यापुढे मुद्दाम चुकीचं वाचलं, बक्षीस म्हणून रंगपेटी दिली, टीव्हीवर तिचं नाव लिहून दाखवलं. काल मी तिला म्हटलं, दीपा, तू बरोबर वाचायचीस गं, मी रोज ऐकलं आहे. तर ती पोरगी मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "तुमी तं आमच्याच आहात मॅडम. तुमी सगळ्यायलेच बरोबर म्हणता." माझं बरोबर तिच्या लेखी फुकटचं आहे. तिला तुझं हवं आहे, आणि तुझ्यावर एवढा राग असताना मला ते तुझ्याकडेच मागावं लागतंय. म्हणून शनिवारी यवतमाळला आलीस की तिथून सरळ पुण्याची गाडी धरू नकोस. इकडे ये. फोन रपट्याच्या अलीकडेच बंद कर, दीपाच्या घरी ओट्यावर मांडी घालून बस आणि तुझ्या स्वतःच्या कानांनी तिचं वाचणं ऐक. ती लगेच वाचणार नाही. कदाचित संध्याकाळ होईल, कदाचित दुसऱ्या दिवशीही बसावं लागेल. बसशील. तिला अजून वाटतं की इतके दिवस फोनच्या आत तू तिचं वाचणं ऐकत होतीस आणि तुला ते आवडलं नाही. तू एकदाही ऐकलं नव्हतंस, हे मी तिला सांगू शकले नाही. ते तू सांग.

राग तसूभरही कमी न झालेली, तरी तुझीच,
शगुफ्ता