झिजलेली डाय

३ मार्च
बर्फ वितळू लागलं. दुपारी कोठारात शिसं वितळवून रायफलच्या दोनशे गोळ्या ओतल्या. जेवायला सूप. बायकोला, लव्होनला, जाऊन आज चार महिने.

गोळ्या ओतायचं काम माझं. त्या हातमशीनच्या डायमधून, म्हणजे पोलादी भोकातून, दाबून मापात आणायच्या आणि खाचांत वंगण भरायचं, हे तिचं. चौतीस वर्षं. सोपं काम आहे, दांडा वर, दांडा खाली. आता मी करीन. नेमबाजी क्लबचा कप नऊ वेळा जिंकलोय. दहावा तिच्या फोटोशेजारी ठेवायचा. जागा पुसून ठेवली.

५ मार्च
चाळीस गोळ्यांत खांदा भरून आला. संशय आला म्हणून मायक्रोमीटर लावला. डायवर ३०९ कोरलंय, म्हणजे इंचाचे हजारांश, आणि गोळी येते ३१० ची. डाय झिजली आहे. बिचारीला कळलं नसणार. मशीनही जुनाट. नवं घ्यायचं. ठरलं.

११ मार्च
सहा दिवस कॅटलॉग वाचले. एका प्रकारात गोळी नुसती डायमधून ढकलायची आणि पातळ वंगणाच्या डब्यात हलवायची. स्वस्त आहे, पण पोरखेळ. दुसऱ्यात मशीनखाली मेणाचं वंगण ऊबदार ठेवणारी विजेची पट्टी असते. हेच घेतलं. डाय ३०९, रायफलच्या पुस्तकात लिहिलेली. समोर राहणाऱ्या, क्लबातल्या डेल्मरकडे पट्टीचं मशीन नाही, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

२० मार्च
समोरचा डेल्मर ट्वेट आला. अडुसष्टीचा सडाफटिंग, पूर्वी लेथवर कामाला होता. लव्होनच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात माझ्यापेक्षा जास्त रडला. मी मनावर घेतलं नाही. बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्सं, घेऊन आला होता. म्हणाला की रॉइस, तिचं मशीन भंगारात टाकणार असशील तर मला दे बाबा. मला वस्तूंचा लोभ नाही. बोल्ट काढून दिलं. तान्हं मूल न्यावं तसं दोन्ही हातांवर धरून रस्ता ओलांडला त्याने. मी खिडकीतून पाहिलं. मुद्दाम नाही.

१६ एप्रिल
पहिली स्पर्धा. सातवा आलो. वारा होता.
डेल्मर पहिला. त्याची पाच भोकं एका बाटलीच्या बुचाखाली झाकली गेली असती. वारा त्यालाही होता असं ग्लेडिस म्हणाली. ती गुण लिहिते, तिला नेमबाजीतलं काय कळतं.

१७ एप्रिल
रायफलची नळी साफ केली. ब्रशला शिशाचे करडे पापुद्रे. तिच्या वेळी कधी नव्हते. विकतचं वंगण वाईट आहे. दुसरं मागवलं.

७ मे
अकरावा. नवा चष्मा मानवत नाही.
डेल्मर पुन्हा पहिला. म्हणाला, म्हाताऱ्या, एवढं पट्टीबिट्टीचं मशीन घेतलंस, त्यावर पावही भाजतोस काय? सगळे हसले. मीही हसलो.

मग त्याची एक गोळी हातात घेतली. वास आला. आमच्या स्वयंपाकघराचा, मधमाश्यांच्या मेणाचा आणि आणखी कशाचा तरी. लव्होनचं वंगण. त्यात काय घालते ते तिने मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं नव्हतं, पण तो मुद्दा नाही. त्याला मात्र तिने सांगितलं!

८ मे
चर्चला गेलो नाही. चौतीस वर्षांत ती त्याच्याकडे किती वेळा अंडी घेऊन गेली ते आठवत बसलो. पुष्कळ वेळा.

१४ मे
डेल्मरकडे जाऊन विचारलं. शांतपणे. तो म्हणतो माझ्या आवाजाने त्याच्या अंगणातलं कुत्रं पळून गेलं.

तो म्हणाला, गाढवा, वंगणाची कृती मशीनच्या तळाशी चिकटवलेली आहे. बोल्ट तूच काढलेस ना? मला वाटलं, वाचूनच दिलंस.

डाय झिजली असल्याचंही मी सुनावलं. तो म्हणाला की झिजली नाही रे, मीच लेथवर लावून एक हजारांश वाढवून दिली, तू एकही कप जिंकला नव्हतास, तेव्हा तिनेच आणली होती. तुझ्या रायफलची नळी सैल आहे, ३०९ ची गोळी तिला पुरत नाही. तुला सांगितलं असतं तर पुस्तक काढून भांडला असतास. ती म्हणाली, राहू दे, त्याला वाटू दे त्याचा नेम सुधारला.

त्याच वर्षी पहिला कप मिळाला होता.

त्याने मशीन परत दिलं. मी नको म्हणालो नाही.

१५ मे
मशीन उलटं केलं. कागद तेलकट झालाय, अक्षर तिचं, शेवटच्या दिवसांतलं, वाकडं. मेण किती, एरंडेल किती, सगळं मापाने. वर माझं नाव. खाली एकच ओळ: डाय बदलू नकोस.

बोल्ट आवळले. फोटोशेजारची जागा पुन्हा पुसली. पन्नास गोळ्या केल्या. दांडा वर, दांडा खाली. मग हात धुतले.