दोन किलोंचा फरक

दि. ३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रासोबत एक खोका पोचेल. त्यात माझा वजनकाटा आहे, स्फोटक काही नाही, तेव्हा आईला लांब उभं करून उघडायची गरज नाही. हा काटा एक तर बिघडलाय किंवा माझ्यावर डूख धरून बसलाय. सकाळी उठल्या उठल्या ७९.२ दाखवतो आणि दात घासून पुन्हा उभी राहिले की ७९.७. स्वयंपाकघरात एक आकडा, न्हाणीघराच्या दारात दुसरा. इथल्या दुकानदाराला दाखवला तर तो म्हणाला, नवीनच घ्या. चाळीस वर्षं लोकांचे काटे खरे करणाऱ्या माणसाची मी मुलगी, मी कशाला नवीन घेऊ?

खरं सांगायचं तर तीन आठवडे मी जागच्या जागी अडकले आहे. चौऱ्याऐंशीवरून एकोणऐंशीवर आले तेव्हा वाटलं होतं, आता काय, जमलंच. वीस मार्चला रुग्णालयात माझं वजन होणार आणि तिथे पंचाहत्तरच्या वर काही चालणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. वर भरलं तर आपलं प्रकरण रुग्णालयाच्या समितीच्या पुढच्या बैठकीवर जाईल, म्हणजे सहा महिने. तुम्हाला सहा महिने काहीच वाटत नाहीत, कारण तुम्ही हट्टी आहात. तुमच्या रक्ताचे आकडे बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंना वाटतात. आईचा रक्तगट जुळत नाही, माझं सगळं जुळतं, आणि अडलंय कुठे तर चार किलोंवर. तेवढ्यासाठी तुम्हाला द्यायची किडनी माझ्याच पोटात अडकून पडावी, याचा मला संताप येतो.

फोनमधलं ॲप आता घरातलं माणूस झालंय, तेही खाष्ट. आहारतज्ज्ञ बाईंनी चौदाशे कॅलरी ठरवून दिल्यात, त्या ते डोळ्यांत तेल घालून मोजतं. ताटाचा फोटो काढला की पदार्थ ओळखतं. परवा सोललेल्या उकडलेल्या बटाट्याला ते अंडं म्हणालं. अंडं कमी कॅलरीत बसतं, म्हणून मी गप्प बसले. तासाभराने लाज वाटली आणि जाऊन दुरुस्त केलं. तुमची मुलगी असण्याचे तोटे.

दुकानात दिवसभर मी रंग ग्रॅमवर मिसळते, पांढऱ्याच्या डब्यात काळा दोन ग्रॅम, पिवळा अर्धा, आणि आता जेवणही तसंच. गल्ल्यावरच्या ताई बिस्किटाचा पुडा पुढे करतात, मी पुड्यामागची बारीक अक्षरं वाचत बसते, तोवर त्यांनी अर्धा संपवलेला असतो. कशात म्हणून जीव लागत नाही. दर तासाला ते ॲप विचारतं, पाणी प्यायलात का. मग तुम्हाला दिवसाला मोजून मिळणारे चार कप आठवतात आणि मी पेला तसाच खाली ठेवते.

काटा तपासून लवकर पाठवा. जे असेल ते खरं दाखवू दे, एवढंच मागणं आहे.

लोभ वाढावा आणि वजन घटावं, ही विनंती.

आपली,
छटाक


दि. १० फेब्रुवारी

चि. छटाक हिस,
अ. उ. आ.

काटा मिळाला. एका पायाचं रबर झिजल्यामुळे तो लंगडत होता. त्यात तू तो फरशीच्या सांध्यावर ठेवत असणार, हे मी इथे बसून सांगतो. नवीन रबर घातलं, तारा साफ केल्या, वजनं ठेवून पुन्हा जुळवला. आता एका आकड्यावर उभा राहील. तो दाखवेल ते मान आणि उगाच चार ठिकाणी वजन करत फिरू नकोस.

तुझ्या या उद्योगाबद्दल माझं मत तुला माहीत आहे. फोनवर बोलून उपयोग नाही, कारण दुकानातल्या ठोकाठोकीने मला ऐकू येत नाही आणि तू ऐकत नाहीस. म्हणून लिहितो. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास मला रक्त धुणाऱ्या यंत्राला जोडून पडावं लागतं हे खरं. पण माझा जन्म यंत्रांत गेला, मला त्याचं काही वाटत नाही. तू एकतीस वर्षांची आहेस. धडधाकट शरीर उघडायचं, त्यातला भाग काढून एकसष्ट वर्षांच्या माणसात बसवायचा, ही असली दुरुस्ती मी माझ्या दुकानात कुणाला करू दिली नसती.

जन्मलीस तेव्हा तू पावणेदोन किलो होतीस. पहिले तीन महिने दर आठवड्याला तुला दुपट्यात गुंडाळून मी दुकानातल्या काट्यावर ठेवत असे. छटाकभर वाढलीस की तुझी आई त्या दिवशी दोन घास जास्त खायची. तुझं नाव तेव्हाच पडलं. तुझा एकेक ग्रॅम मी मोजून वाढवलेला आहे. तो कमी होताना मला बघवत नाही, आणि कशासाठी कमी होतोय ते आठवलं की अजिबात बघवत नाही.

आई शिवणवर्गाला गेली आहे, तिचे आशीर्वाद मीच कळवतो. पोटभर जेवत जा.

लोभ आहे तेवढा राहू दे, आणि अंगावरचं मांसही.

तुझा,
बाबा


दि. ११ फेब्रुवारी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र शिवणवर्गातून लिहिते आहे, तेव्हा अक्षरात दोरे आले तर समजून घे. काल तुझे बाबा काटा जुळवत होते. मी चहा घेऊन गेले. त्यांना मी आल्याचं ऐकू आलं नाही. काट्यावर वीस-वीसची दोन वजनं होती, वर दहाचं, आणि त्याच्यावर आणखी एक किलोचं आणि काही लहान. एवढं सगळं ठेवून त्यांनी काट्याला शिकवलं की हे पन्नास आहे. तीस वर्षं मी हे काम बघते आहे. मला तेवढी बेरीज येते.

पन्नासाला सव्वा किलोची चूक, म्हणजे तुझ्या वजनाला तुझा काटा तुला दोन किलोंनी हलकी दाखवणार. तू खूश होऊन थांबशील, वीस तारखेला रुग्णालयाचा काटा तुला परत पाठवेल, आणि यांना स्वतःच्या तोंडाने नाही म्हणावं लागणार नाही. असा तो बेत आहे. मी चहा ठेवला आणि मागे फिरले. कप तसाच राहिला. उभ्या जन्मात ज्याने दुकानदाराला दहा ग्रॅमची सूट दिली नाही, त्या माणसाला मी ते किलोचं वजन दोनदा उचलून परत ठेवताना पाहिलं. त्यांना आता तोंडावर पकडलं तर मोडून जातील.

मला त्यांचा राग येतो आणि त्यांच्यावाचून राहायची भीती वाटते. तुझ्यासाठीही जीव खालीवर होतो. मी कुणाच्या बाजूने लिहिते आहे ते मलाच कळत नाही. पण खोट्या आकड्यावर तू निर्णय घेऊ नयेस, म्हणून कळवलं. पुढे काय करायचं ते तू ठरव.

मला उत्तर पाठवू नकोस, घरी आलेलं पाकीट तेच आधी उघडतात. पत्र मिळालं की त्यांच्या पत्रात लिही, आईने पाठवलेला कुडता खांद्यात बरोबर बसला.

माया कमी होऊ देऊ नकोस, आम्हां दोघांवरची.

तुझी,
आई


दि. २४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काटा सुखरूप पोचला. आता लंगडत नाही, फरशीच्या सांध्यावरून हलवलाय, आणि कितीदाही उभी राहिले तरी एकच आकडा दाखवतो. आज सकाळी ७६.४ दाखवला. तुमच्या हाताला गुण आहे, हे मी गल्ल्यावरच्या ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बाबांना विचार, माझाही काटा पाठवू का.

आईला सांगा, तिने पाठवलेला कुडता खांद्यात बरोबर बसला. पोटावर अजून थोडा घट्ट होतो, पण तेही होईल. दुकानापर्यंत मी आता चालत जाते, येताना मुद्दाम पुलावरून लांबचा रस्ता घेते. पुलाखाली पाववाला आहे. त्याच्या भट्टीचा वास आला की पाय आपोआप भराभर पडतात, कारण थांबले तर संपले.

तुम्ही लिहिलंत की तुम्हाला माझा ग्रॅम कमी होताना बघवत नाही. मलाही तुम्हाला बघवत नाही, बाबा. मागच्या खेपेला तुमच्या घोट्यांवर बोट टेकवलं तर खळगा तसाच राहिला. तुम्ही पाय पटकन चादरीत घेतलात. मी पाहिलं नाही असं तुम्हाला वाटलं असेल.

चौदाशेत बसेल एवढंच जेवते, पण बसून, नीट जेवते. काळजी नसावी.

लोभ मोजून देऊ नये, एवढी कृपा असावी.

आपली,
छटाक


दि. १३ मार्च

चि. छटाक हिस,
अ. उ. आ.

परवाच्या पत्रात तू ७४.८ लिहिलंस. पुढे लिहिलंस की आकडा बघून गल्ल्यावरच्या ताईंनी तुला मिठी मारली. ते वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. काल एकाचा काटा उघडून ठेवला आणि स्क्रू कुठे ठेवला तेच विसरलो.

मंगळवारी एक धान्यवाला आला होता. काटा थोडा स्वतःच्या बाजूने झुकवून हवा होता. मी त्याला एवढा बोललो की शेजारचे बाहेर आले. तो गेल्यावर दुकानाचं दार ओढून घेतलं. त्याला जे बोललो त्यातला शब्दन् शब्द मला लागू होता.

तुझा काटा मी खोटा केलाय. दोन किलोंनी कमी दाखवतो. मला वाटलं होतं, तू पोचले म्हणून थांबशील, दोन घास खाशील, आणि रुग्णालयवाले नाही म्हणतील. माझ्या नाहीला तू जुमानत नव्हतीस, म्हणून त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं ठरवलं. तू उपाशी राहून एकेक ग्रॅम उतरवतेस आणि मी इथे बसून त्याच्यावर खोटं चढवलं. तुझ्या दहा पत्रांना भांडून उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं.

मी घाबरलो होतो. मरायला नाही. तू टेबलावर झोपशील आणि माझ्यापायी तुला काही होईल, याला. वीस तारखेला थोडेच दिवस उरलेत, एवढ्यात दोन किलो उतरवायच्या मागे लागू नकोस. हे रागाने म्हणत नाही. तुझी माफी कशी मागायची ते मला येत नाही, कधी वेळ आली नव्हती.

लोभ ठेवावास असं काही मी केलेलं नाही. तरी ठेव.

तुझा,
बाबा


दि. २१ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र अठराला मिळालं. दाराच्या पायरीवर बसूनच वाचलं आणि पुष्कळ रडले, पण तुम्हाला वाटतं त्या कारणाने नाही.

मला पहिल्यापासून माहीत होतं. आईने त्याच आठवड्यात कळवलं. तिच्यावर रागावू नका, तिला बेरीज येते ती तुमच्याच दुकानात शिकलेली आहे. हा काटा आपणहून ॲपला वजन कळवतो, ते मी बंद केलं आणि रोज दोन किलो मिळवून हाताने भरलं. तुम्हाला मात्र काटा दाखवायचा तोच आकडा लिहिला. ताईंनी मिठी मारली तीही खरी, त्यांना सगळं ठाऊक होतं. माझ्या पत्रांत एक अक्षर खोटं नव्हतं, तरी ती खोटीच होती. तेव्हा फिट्टंफाट.

आईचं पत्र आलं तेव्हा दोन दिवस मी भयंकर चिडले होते. काटा खोटा केलात म्हणून नाही. मला लहानपणी काट्यावर ठेवणारा माणूस माझ्याशी सरळ भांडायचं सोडून काट्याआड लपला, याचा राग होता. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा वाचलं. तुम्ही ते किलोचं वजन दोनदा उचलून परत ठेवलंत, तिथे राग संपला.

काल वजन झालं. रुग्णालयाचा काटा मोठा, लोखंडी, तुम्हाला आवडेल असा. मी चपला काढल्या, घड्याळ काढलं, केसातला चाप काढला. ७४.९ भरलं. आहारतज्ज्ञ बाईंनी दोनदा करून पाहिलं. बाकीच्या तपासण्या आधीच झाल्या आहेत, त्यांना माझ्याकडून आता काही नको.

राहिली तुमची सही. घेणाऱ्याने मनापासून हो म्हटल्याशिवाय ते पुढे जात नाहीत, आणि तसंच असायला हवं. कागद सोबत जोडला आहे. या वेळी मध्ये कुठलाही काटा नाही. नाही म्हणायचं असेल तर तुमच्या हाताने, मला लिहून म्हणा.

लोभाची काळजी नको, तो आहे. उत्तराची वाट बघते.

आपली,
छटाक


दि. २८ मार्च

चि. छटाक हिस,
अ. उ. आ.

सही केली. थोडी वाकडी आली आहे, चालवून घेतील. तुझी आई समोर बसली होती, आणि मी सही केल्यावर तिने चहाचा कप पुढे सरकवला. या वेळी मी तो प्यायलो. चारातला एक गेला.

रुग्णालयात येताना तुझा काटा घेऊन ये. मी वजनं आणतो. काटा गिऱ्हाइकासमोर जुळवायचा असतो, तो नियम एकदाच मोडला आणि त्याचं काय झालं ते बघितलंस. या वेळी आकडा तू वाचायचास.

भीती अजून आहे. ती सही केल्याने गेली नाही. पण आता तुझ्याशी भांडून झालं, माझं काही लपवायचं उरलं नाही, आणि मला जगायचं आहे. हे तुला एवढ्या दिवसांत एकदाही लिहिलं नव्हतं.

लोभ आहेच, त्याला आता दोघांनी मिळून सांभाळू.

तुझा,
बाबा

ता. क. काल डॉक्टरीणबाईंना विचारलं, किडनीचं वजन किती. सुमारे दीडशे ग्रॅम म्हणाल्या. दुकानात येऊन शंभराचं आणि पन्नासाचं वजन तळहातावर ठेवून बराच वेळ बसलो. शस्त्रक्रियेच्या दिवशी तुझं ॲप तेवढं वजन उतरलं म्हणून अभिनंदन करील. त्याला सांग, ते उतरलेलं नाही, माझ्या बाबांकडे आहे.