मामांच्या नावाचं माप

१२ एप्रिल, बारामती
रोज एमआयडीसीतल्या कंपन्यांची वेबपानं करते, मग स्वतःच्या लग्नाची फोनवर पाठवायची पत्रिका दुसऱ्यानं का करावी? काका आणि मामा, दोघांची नावं एका मापाची. पिक्सेलमध्ये. ठरलेलं माप, कुणाच्याही फोनवर तेवढंच. भांडणाला जागाच नको.

१४ एप्रिल
सुप्याहून मामांचा फोन. "पोरी, माझं नाव हाय का न्हाय त्यात? मुंगीएवढं कायतरी दिसतंय." फोनवर अक्षरं मोठी करून ठेवलीत त्यांनी, पण पिक्सेल कुठला जुमानतोय. आई म्हणे, "दिसत नाही तो मान काय कामाचा?" भाऊ तिचा, दुसरं काय बोलणार.

डबा खाता खाता सगळं रेममध्ये केलं, म्हणजे फोनच्या अक्षरांबरोबर वाढणाऱ्या मापात. आता ज्याच्या फोनची अक्षरं मोठी, त्याच्याकडं नावंही मोठी, दोघांची सारखीच. सुटले.

१७ एप्रिल
कसली सुटतेय. बस्त्याला सगळे जमले, साड्या राहिल्या बाजूला. कळसच्या काकांनी आपला फोन मामांच्या फोनशेजारी ठेवला. "पाव्हण्यांचं नाव भाकरीएवढं, न आमचं एवढुसं?"
म्हटलं, मामांच्याच फोनवर बघा, तुमचंही तेवढंच आहे.
"त्यांच्या फोनात मी कशाला बघू?"
मामा पेटले. नाव बारीक केलं तर मंगलाष्टकांना तुझ्या मागं उभा राहणार न्हाय, म्हणाले. दुकानदारानं बिचाऱ्यानं टेप पुढं केला, मापायला.
मामा मागं नसतील तर मला बोहल्यावर चढायचंच नाही. रडू आलं. साडी मात्र चांगली मिळाली.

१८ एप्रिल
पिक्सेल: सारखं, पण मामांना दिसत नाही. रेम: दिसतं, पण सारखं वाटत नाही. होणारे नवरोबा म्हणतात, तू म्हणशील तसं. फार मदत झाली. रेमच ठेवलं. वाचता येत नाही ती पत्रिका कसली.

२१ एप्रिल
काकांना कुणीतरी अक्षरं मोठी करायला शिकवलं. गेले मामांच्या वर. मामांना कळलं (आईनंच सांगितलं, दुसरं कोण), ते त्याच्याही पुढं.

संध्याकाळी मामांचा फोन. "नाव आता झ्याक दिसतंय. पण लग्न कवा न कुठं, ते लिवायचं ऱ्हायलं की."
नावांनीच स्क्रीन भरलीय, तारीख पार खाली. बोटानं वर सरकवा म्हटलं. मग विचारूनच टाकलं, मामा, उभे राहणार ना मागं?
"बघू. आधी पाव्हण्यांनी किती मोठं केलंय ते सांग."