डाव्या हाताला बसलेली माणसं

८ ऑक्टोबर १९९८, जव्हार

पुन्हा तेच. अग्रलेखाच्या ओळी मध्येच खाली वाकतात. पेपर लांब धरला, जवळ धरला, खिडकीशी नेला. पुष्पलता स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पेपर वाचताय की वारा घालताय?"

बायकोला सगळं सांगितलेलं नाही. "लेझर छान झालं" एवढंच. डावा डोळा पुरा झाला, उजवा अर्धा. उजव्याची राहिलेली तारीख सप्टेंबरात होती. सभा आहे म्हणून गेलो नाही. सभा नव्हती.

१० ऑक्टोबर

उन्हातून पंचायत समितीत शिरलो आणि आंधळा झालो. सगळं काळं. दाराशी उभा राहून नोटीस बोर्ड वाचत असल्याचं सोंग केलं. शिपाई म्हणाला, "गुरुजी, तो कागद गेल्या वर्षीचा आहे." हसलो. आतून चरफडलो.

नाशिकच्या डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. साखरेनं पडदा बिघडलाय. कडेला डाग द्यायचे, म्हणजे मधली नजर वाचेल. रात्रीचं कमी दिसेल, बाजूचं कमी दिसेल. मी म्हटलं, डॉक्टर, कडेची माणसं सोडायची आणि मधली वाचवायची, हे तर सरकारचं धोरण झालं! ते हसले. मीही. जाईन तिथं टाळी घ्यायची खोड.

लेझर केलं नसतं तर एव्हाना कुणाचा तरी हात धरून चालत असतो. हे मला पक्कं ठाऊक आहे. पण उरलेला डोळा त्या यंत्रासमोर धरायची हिंमत होत नाही.

१३ ऑक्टोबर

मोखाड्याच्या बाजारात नवशा भेटला. वांगणीचा. माझ्याहून तरणा, पण त्यालाही साखर. तपासणीला मीच ओढून नेलं होतं. पडद्यावर रक्त उतरतंय, महिना संपायच्या आत लेझर करा, असं त्याला बजावलंय. तो मात्र भगताकडे कोंबडा देऊन मोकळा झालाय.

"गुरुजी, तुमचा डोळा कसा हाय आता?"

"झकास."

"मागल्यासारखा?"

"मागल्यापेक्षा बरा."

तो माझ्या डोळ्यांत टक लावून बघत राहिला. गाय विकत घेताना बघतात तसा.

उभा जन्म अंधश्रद्धेविरुद्ध बोलण्यात गेला, आणि खोटं बोलताना जीभ अडखळली नाही. पण खरं सांगितलं असतं तर? यंत्रानं गुरुजींचा डोळा जाळला, एवढंच पाड्यात पोचेल. मग नाशिकला कोण जाणार? नवशा तर नाहीच. हे बरोबर आहे की मी माझी भीती त्याच्या नावावर खपवतोय? झोप नाही.

१७ ऑक्टोबर

वांगणीत सभा झाली. शाळेच्या पडवीत. पुरुष समोर, बाया माझ्या डाव्या हाताला भिंतीशी. नेहमीची बैठक. वीटभट्टीवर जाण्याआधी गावातच काम मागायचं, तहसीलवर जाऊन बसायचं. बोलणं रंगलं. शेवटी विचारलं, कोण येतं? हात वर.

समोर हात उठले. डावीकडे काहीच नाही. भडकलो. म्हणालो, "फागी, नवशाची बायको म्हणून नाही, तू तू म्हणून पहिली उठायचीस. आज हात जड झाला? भट्टीवाल्याची उचल घेतलीस काय?"

सगळे गप्प. मला वाटलं, शब्द लागला. जीपमध्ये स्वतःवर खूश होतो.

१८ ऑक्टोबर

कमलेश आला, वांगणीच्या शाळेतला मास्तर. चहा घेतला नाही.

"गुरुजी, फागी उभी होती. तुमच्यापासून चार हातांवर. तुम्ही तिला बोललात तेव्हाही तिचा हात वरच होता."

बोलताना मी मान फिरवत नाही. समोरचा एक माणूस धरायचा आणि बाजूची सभा नजरेच्या कोपऱ्यातून पकडायची, हे माझं तंत्र. तो कोपरा आता नाही. मला काळं दिसत नाही, भोक दिसत नाही. तिथं कुणीच नाही, असं दिसतं.

१९ ऑक्टोबर

दिवाळी. प्रत्येक पणतीभोवती धुरकट कडं. पुष्पलतेला म्हटलं, सुंदर.

२१ ऑक्टोबर

वांगणीला जाऊन आलो. फागी खळ्यावर भात झोडत होती. नवशा दारात बसलेला.

"फागी, माझी चूक झाली."

"कशी झाली?"

"लक्ष गेलं नाही."

"चार हातांवर?" तिनं पेंढी आपटली. "बाया मला इचारतात, उचल किती घेतलीस. मी काय सांगू?"

ती कोयता उचलून माझ्या डावीकडे गेली.

"समोर बघा. वळू नका. माझ्या हातात काय हाय?"

कोयता उचलताना पाहिला होता. "कोयता."

"कोयता कवाच खाली ठेवला."

दारातून नवशा म्हणाला, "म्हंजे झकास नाय."

मग सांगितलं. सगळं. कडेचं गेलं ते, संध्याकाळी पाय चाचपडतात ते, सप्टेंबरची तारीख चुकवली तेही. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, आणि लेझर नसतं तर काहीच उरलं नसतं, हेही सांगितलं. पण हा भाग मी मागून बोललो, आणि तो कुणी ऐकला नाही.

फागीनं एवढंच विचारलं, "हे सभेत सांगाल?"

"सांगेन."

नवशा उठला. "मंग मी नाय जात." आत गेला.

२२ ऑक्टोबर

खरं सांगून त्याचा डोळा घालवला का? दिवसभर घरात येरझाऱ्या. दाराच्या चौकटीला खांदा आपटला. दोनदा.

पुष्पलतेलाही सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. पेपर बघत जेवता आणि पानातली डावीकडची चटणी तशीच राहते. वाटलं, सांगाल तेव्हा सांगाल." मग म्हणाली, "उजव्याचं कधी?"

अंगणात गेलो.

२३ ऑक्टोबर

वांगणीत पुन्हा सभा. बायांना समोर बसायला सांगितलं, आणि का ते सांगितलं. फागीची माफी सगळ्यांसमोर मागितली. एक म्हातारा म्हणाला, "मंग इतके दिवस आमाला बघून हसत व्हतात ते कुणाला?" पडवी हसली. फागी हसली नाही. तहसीलवर यायला बायांचे हात उठले, तिचाही. नवशा आला नव्हता.

२५ ऑक्टोबर

सकाळी नवशा आणि फागी जव्हारला आले. ओट्यावर बसले. नवशा म्हणाला, "तुमचा अर्धा डोळा ऱ्हायला ना? आधी तुमी बसा त्या यंत्रापुढं. मी बाजूला हुभा राहून बघन. मंग मी."

मी मान हलवली.

फागी म्हणाली, "नुसती मान नको, गुरुजी. तोंडानं सांगा."

सांगितलं. उद्या पहिल्या एसटीनं नाशिक.