दोघांत एक डबी

कारखान्यावरून,
महाशिवरात्र, २००७

प्रिय मनकर्णा,

आपल्या टोळीतला राधाकिशन काल गावाकडनं पोचला. तू दिलेल्या बाजरीच्या भाकरी, कारळाची चटणी आणि चिंधीत बांधलेल्या गोळ्या, सगळं मिळालं. चटणी टोळीनं पळवली, माझ्या वाट्याला बोटभर आली. गोळ्या मात्र मी खाल्ल्या न्हाईत. रागावू नको. आधी सगळं पत्र वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल. तू शिव्या घालायला लागलीस की बरी हायेस एवढं तरी कळतं. पण राधाकिशन म्हणतो, वहिनी परत वाळायला लागल्यात, उंबऱ्यात बसूनच असतात. ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर न्हाई.

दोन वर्षांमागं तुला चादरीत गुंडाळून जीपमधी घातलं, तेव्हा माझ्या आईनंबी आशा सोडलती. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरनी एच.आय.व्ही. म्हणून सांगितलं आणि मी उठून दाराकडं निघालो. तू मात्र कुशीवर वळून विचारलंस, औषध हाय का? ते म्हणले, हाय, फुकट हाय, पण जन्मभर, सकाळ-संध्याकाळ, एकबी चुकवायची न्हाई. तू म्हणलीस, भाकर तरी कुठं चुकवतो आमी! काय बाई हायेस तू. त्या गोळ्यांनी पहिल्यांदा तुला लई छळलं. ओकायचीस, अंगभर पुरळ यायचं, पण वेळ झाली की परत गोळी. पुढच्या आखाडात तू डोईवर हंडा घेऊन ताठ निघालीस, आणि तुझ्या तिरडीचे बांबू हेरून ठेवणारे तोंडात बोट घालून बघत राहिले. हापशावर बायांनी तुझा हंडा बाजूला सारला, तर तू तिथंच ठाण मांडून खणखणीत सांगितलंस की पाण्यानं होत न्हाई, हंड्यानं होत न्हाई, शिवल्यानं होत न्हाई. हंडा भरूनच घरी आलीस. मला पारावर मान वर करून बसायची छाती नव्हती, आणि तू अशी!

लोकांनी ठरवूनच टाकलं की हे मीच तुला दिलं. मलाबी तसंच वाटायचं. लग्नाआधी ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा मी काही संत नव्हतो. म्हणून तर रक्त तपासायचा धीर होईना. डॉक्टर दर खेपेला नवऱ्याला आत बोलवायचे आणि मी आपला चहाच्या टपरीवर. शिवकन्येला तू लगेच तपासून आणलंस, पोर ठणठणीत निघाली. पण मला तू एकदासुद्धा तुमच्यामुळं झालं म्हणली न्हाईस. उलट मला जरा कणकण आली की तूच घाबरायचीस. आणि दिवाळीत माझ्यापुढं गोळी धरून म्हणलीस, डॉक्टरनी दोघांना मिळून दिल्यात. सकाळची मी खाईन, सांजची तुमी खायची. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, तशी दोघांत एक डबी. मला ते पटलंबी! आपलं सगळंच असं जोडीनं मोजलेलं, मग दुसरी डबी कावून लागेल?

परवा तोड बंद होती. गोळ्या संपत आल्या म्हणून इथल्या सरकारी दवाखान्यात मागायला गेलतो. तिथल्या बाईनं गोळी ओळखली, कार्ड मागितलं. म्हणलं, कार्ड बायकोचं हाय, आमची दोघांत एक डबी. ती बाई खुर्चीतनं उठलीच. म्हणली, एका डबीत एकच माणूस जगतं, अर्धं अर्धं खाल्लं की रोग गोळीला जुमानेनासा होतो. मनकर्णा, तू तुझ्या तोंडची गोळी मला चारत होतीस आणि मी येडा पाण्यासंगं गिळत होतो. असं माणूस माझ्या नशिबी आलं कसं, हेच मला कळत न्हाई. राधाकिशन उद्या परत गावी चाललाय, गोळ्या त्याच्यासंगं परत धाडतोय. आता दोन्ही वेळा तूच खा, आणि दवाखान्यात आमी वाटून खाल्ल्या म्हणून खरं सांग. रागावतील, रागावू दे. पुढं औषध कोणतं ते डॉक्टर ठरवतील. मी मुकादमाला सांगितलंय, आठवड्यात गावी येतो, आणि ह्या खेपेला तुझ्यासंगं आत येतो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. समोर बसून हे मला बोलवणार न्हाई. त्या बाईनं माझंबी रक्त घेतलं. मला तो रोग न्हाई. तीन महिन्यांनी परत बघू म्हणली, पण आज तरी न्हाई. मग बायकोला कुठनं आला, असं तिनं विचारलं, तेव्हा शिवकन्येच्या बाळंतपणात तुला रक्ताच्या बाटल्या चढवलत्या ते आठवलं. त्यातनंच आला असंल म्हणली. मला तर तेवढंबी जाणून घ्यायची गरज नव्हती, मी तुला ओळखतो. पण गाव बाटलीबिटली ऐकणार न्हाई. नवरा साफ आणि बायको आजारी म्हणल्यावर लोक तुझ्याबद्दल काय काय बोलतील, ते माझ्यानं ऐकवणार न्हाई. म्हणून माझं एवढं एक ऐक. हे डॉक्टरला सांग, बाकी कुणाला न्हाई, माझ्या आईलाबी न्हाई. लोकांना माझ्यामुळं झालं वाटतंय ना, मरेपर्यंत वाटू दे. आणि हे पत्र चुलीत घाल.

तुझाच,
उत्तरेश्वर