अडलं तर विचार

गुरुवार, १२ फेब्रुवारी. शिवथर.

प्रोग्राम लिहिणाऱ्या एआयला लोक ज्या सूचना लिहून देतात, त्या तपासून गुण द्यायचे, हे आमच्या नातीचं, रेश्माचं घरी बसून काम. आज एकाला तिने दहात चार दिले.

"किती पाल्हाळ लावलंय यानं!"

मी वाचून दाखवायला लावलं. शेवटी होतं, 'अडलं तर अंदाज करू नकोस, मला विचार.'

"याचे दोन गुण वाढव गो बाय."

"आजोबा, वशिला लावताय काय?" हसली, पण एकच वाढवला.

उगाच बोललो का? तिच्या साहेबाने जाब विचारला तर? पण अडलं तर विचार, असं यंत्रालासुद्धा सांगणाऱ्या माणसाला चारच गुण?

चौथीत मी गुरुजींना विचारलं होतं. छडी बसली. पाचवीला मी गेलोच नाय.